थर्माकोलखाली गेलेली नावे

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास सरोजिनीबाई कर्णिकांनी फळ्यावर 'ठ' काढला, खडू ठेवला आणि भिंतीला धरून त्या सावकाश खाली बसल्या. बालवर्गात त्या दिवशी दोन मुले होती. हाही धड्याचाच भाग असावा असे समजून तीही खाली बसली. बाईंना घेरी आली आहे हे कोपऱ्यात पुस्तकांमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवत बसलेल्या हेरंब टिपणीसांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण त्यांनाही जरा तसेच होत होते.

खोलीत अडतीस अंश तापमान होते. हे हेरंबरावांना नक्की ठाऊक होते. तमिळ मुलखातल्या आवडी या गावी लष्करी गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षे तपासणी विभागात काढल्यामुळे निवृत्तीनंतरही ते खिशात थर्मामीटर बाळगत आणि उकडते आहे असे म्हणण्याआधी आकडा बघत.

मराठी मंडळाची ही खोली कारखान्याच्या वसाहतीच्या टोकाला एकटीच उभी होती. चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, चारी बाजूंनी उघड्या विटांची. आत अकराशे मराठी पुस्तके, एक फळा, दोन सतरंज्या. पूर्वी गणपतीत इथे पाय ठेवायला जागा नसे. पण माणसे निवृत्त झाली, पुण्या-नाशकाला परत गेली, काही इथेच वारली. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी उन्हाचे कारण सांगून येणे बंद केले. ते कारण खरे असल्यामुळे हेरंबरावांना त्यावर काही बोलताही येत नसे.

त्याच आठवड्यात वसाहत कार्यालयाचे पत्र आले होते. खोली वापरात नसल्याचे दिसते. मेच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता पाहणी होईल. त्या वेळी खोलीत किमान दहा सभासद हजर नसल्यास खोली परत घेण्यात येईल.

"घेऊ देत की," हेरंबरावांच्या पत्नी कुमुदिनीबाई ताक घुसळता घुसळता म्हणाल्या. "दर रविवारी त्या भट्टीत जाऊन बसता नि येऊन माझ्यावर चिडता."

"अगं, आणि पुस्तकं?"

"त्यांचं काय?"

"खोली गेली तर ती आपल्याकडेच आणावी लागतील. दुसरीकडे कुठे जागा आहे?"

कुमुदिनीबाईंची रवी थांबली. त्यांनी दोन खोल्यांच्या आपल्या घरावरून एकदा नजर फिरवली.

"अहो, मग वाचवा ती खोली," त्या म्हणाल्या. "काहीही करा, पण वाचवा."

हेरंबरावांनी दोन दिवस चारी भिंतींना थर्मामीटर लावून बघितला. छपरावर कौले बसवलेली होती, ते निर्दोष ठरले. दोष पश्चिमेच्या भिंतीचा होता. दुपारी दोनपासून ऊन थेट तिच्यावर येई आणि रात्री आठपर्यंत ती आत धग टाकत राही. उपाय साधा होता. भिंतीला बाहेरून थर्माकोल लावायचा, त्यावर कोंबडीजाळी, त्यावर गिलावा. आतून लावून उपयोग नव्हता, तिथे पुस्तकांची कपाटे भिंतीतच बसवलेली होती. कारखान्यात नवी यंत्रे आली होती, त्यांच्या खोक्यांमधला थर्माकोल मागितल्यावर फुकट मिळाला. गवंडी म्हणून सुब्बा ठरला.

एकच गोष्ट आडवी येत होती, पण ती हेरंबरावांना आडवी वाटली नाही. पश्चिमेच्या भिंतीवर नावे होती. अडुसष्ट साली मंडळाने खोली बांधायला घेतली तेव्हा प्रत्येक कुटुंबाने वीट द्यायची असे ठरले होते. लोक बसने भट्टीवर गेले आणि त्यांनी कच्च्या विटांवर खिळ्याने आपापली नावे कोरली. भाजून आलेल्या त्या दोनशे चौदा विटा रस्त्याच्या बाजूला लावल्या गेल्या, म्हणजे पश्चिमेला. नावे दिसावीत म्हणून भिंतीला कधी गिलावा झाला नाही. मग एकीला केला नाही म्हणून बाकीच्या तिघींनाही झाला नाही.

हेरंबरावांनी कारखान्याच्या पद्धतीने काम केले. दोन सकाळी भिंतीसमोर स्टूल टाकून त्यांनी सगळी नावे ओळीने, रांग आणि क्रमांकासह, एका वहीत उतरवून घेतली. गाडीच्या पोटात गेलेला सुटा भाग पुन्हा कोणाला दिसत नाही, पण त्याचा क्रमांक वहीत असतो आणि तेवढ्याने सगळ्यांचे समाधान होते. तीस वर्षे त्यांनी हेच पाहिले होते. मग त्यांनी रीतसर सूचना लिहिली, हरकती सात दिवसांत कळवाव्यात असे खाली नमूद केले आणि सूचना मंडळाच्या फळ्यावर लावली. फळा खोलीत होता. खोलीत कोणी येत नव्हते. सात दिवसांत एकही हरकत आली नाही.

आठव्या दिवशी सुब्बाने काम सुरू केले. चार दिवसांत भिंत खालपासून वरपर्यंत झाकली गेली आणि दुपारी तीनला खोलीत तेहतीस अंश भरले. हेरंबरावांनी तीन वेळा बघितले. दर वेळी तेहतीस. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीराव घाटगे आले. ते तंजावरचे, त्यांच्या घराण्यात मराठी अडीचशे वर्षे मुरली होती आणि तिच्यात तमिळही तितकीच मुरली होती. अमावास्येला सकाळी ते सायकलवरून भिंतीपाशी येत, एका विटेला हात लावून नमस्कार करीत आणि तसेच निघून जात. त्या दिवशी अमावास्या होती. सायकल धरून ते कोऱ्या भिंतीसमोर उभे राहिले.

"टिपणीस," ते म्हणाले, "आमचे बाबा कोठें?"

"तिसरी रांग, सतरावी वीट," हेरंबराव वही उघडत म्हणाले. "तुळजाजीराव घाटगे. हे बघा, नोंद आहे."

"नोंद मला नको. मी बाबांस पुसतो आहे."

"अहो, ते आहेतच तिथे. आत. उलट आता ऊन लागणार नाही त्यांना."

"सदतीस वर्षं त्यांनीं ऊन सोसलें. कधी तक्रार केली काय?" बालाजीरावांनी सायकल स्टँडला लावली. "अय्यो, टिपणीस, ते गेले तेव्हा मी बदलीवर होतो. तोंड बघायला मिळालें नाहीं. त्यांच्या हातचें अक्षर म्हणून तेवढें एकच आहे मज. तें तुम्ही लिंपून टाकलें."

तपासणी विभागाने वही मिटली. हेरंबरावांनी सुब्बाला बोलावले आणि एका विटेपुरते भोक पाडायला सांगितले.

"एक वीट नाही जमणार, सार," सुब्बा म्हणाला. "जाळी मागे वळवायची, कड लिंपायची. एक वीट उघडायची तर आजूबाजूच्या चार उघड्या पडतात."

"पाड. एकच तर आहे."

बालाजीरावांनी वडिलांना हात लावला, नमस्कार केला आणि घरी जाऊन सगळ्यांना फोन केले.

त्या आठवड्यात मंडळाच्या खोलीकडे जितकी माणसे आली तितकी गेल्या सहा वर्षांत आली नव्हती. मात्र आत कोणी गेले नाही. सगळी बाहेरच थांबली, गिलाव्यावर बोटाने टकटक करीत आपली वीट कुठे असावी याचा अंदाज घेत राहिली. पुण्याहून अमोघचा फोन आला. त्याच्या वडिलांनी, अशोक प्रधानांनी, अडुसष्ट साली मंडळाची घटना लिहिली होती.

"काका, आम्ही तिथून निघालो तेव्हा घर सोडलं, स्कूटर विकली, बाबांची खुर्चीसुद्धा देऊन टाकली," तो म्हणाला. "त्या गावात आमचं म्हणून आता ती वीटच आहे. आणि तुम्ही ती झाकलीत?"

"उघडतो," हेरंबराव म्हणाले.

सरोजिनीबाई आल्या त्या डोक्यावर ओला रुमाल ठेवूनच.

"माझ्या सासूबाईंची वीट आहे बघा कुठेतरी. विद्युलताबाई कर्णिक."

"पाचवी रांग, दुसरी. उघडायची ना?"

"छे, छे! तिच्यावर आणखी एक थर द्या. आणि गिलावा जरा जाड."

पण संध्याकाळी सरोजिनीबाईंच्या यजमानांचा फोन आला आणि पाचव्या रांगेतही भोक पडले. काही जण आपल्या विटेशेजारच्या उघड्या विटा बघून चिडले, कारण शेजाऱ्याचे नाव आयते उघडे पडले होते आणि त्याने तर साधा फोनही केला नव्हता. दोघांनी सुब्बाला परस्पर गाठून आपले भोक थोडे मोठे करून घेतले.

सुब्बा करवतीने कापत होता आणि थर्माकोलचे पांढरे दाणे वाऱ्यावर वसाहतभर उडत होते. शुक्रवारी समोरच्या इमारतीतल्या अलमेलू मामी हातात ताट घेऊन रस्ता ओलांडून आल्या. ताटात गच्चीवर वाळत घातलेले वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, होत्या. निदान त्यातले काही वडाम होते.

"यातला वडाम कुठला आणि तुमचा कुठला, तेवढं सांगा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "माझी नजर अधू झाली आहे."

हेरंबरावांनी चष्मा लावला. दोन्ही पांढरे होते, दोन्ही हलके होते.

"मामी, तळल्यावर कळेल," सुब्बा मदतीला धावला. "वडाम फुलतो. हे आक्रसतं."

मामींनी ताट हेरंबरावांच्या हातात दिले आणि त्या निघून गेल्या. ते ताट घरी न्यावे लागले. कुमुदिनीबाईंनी त्यातले काय काय निवडले आणि ते करताना काय काय म्हटले, ते हेरंबरावांनी कोणाला सांगितले नाही.

पाहणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भिंतीला एकोणचाळीस भोके होती. सुब्बाच्या हिशेबाप्रमाणे जवळजवळ दोनशे विटा उघड्या पडल्या होत्या. दुपारी तीनला हेरंबरावांनी खोलीत थर्मामीटर धरला. अडतीस. महिन्याभराच्या खटपटीनंतर खोली जिथे होती तिथे परत आली होती. अशा खोलीत दहा माणसे बसणार नाहीत, आणि बसली तरी अधिकारी येईपर्यंत त्यातली किती उठून उभी राहू शकतील याची खात्री नव्हती. कत्तिरीचे, म्हणजे इथल्या सर्वांत कडक उन्हाचे, दिवस होते. सकाळी नऊलाच सावली शोधावी लागत होती.

त्यांनी पुस्तकांच्या कपाटांना एकेक करून कड्या घातल्या. मग बाहेर येऊन सुब्बाला हळू आवाजात म्हणाले, "उद्या दुपारी ये. अडीचला. सगळी भोकं बुजव. पाहणी झाली की सोमवारी पुन्हा उघडू."

"सगळी, सार?"

"सगळी. आणि हे कोणाला बोलू नकोस."

सुब्बा कोणाला बोलला नाही. फक्त परत जाताना त्याला वाटेत बालाजीराव भेटले, त्यांनी काम कसे चालले आहे असे विचारले, आणि सुब्बाला खोटे बोलायची सवय नव्हती.

रविवारी अडीच वाजता हेरंबराव पोहोचले तेव्हा पश्चिमेच्या भिंतीसमोर मंडळ उभे होते. बालाजीराव, त्यांच्या दोन बहिणी, सरोजिनीबाई, त्यांचे यजमान, पेरंबूरहून लोकलने आलेली रेल्वे नोकरांची तीन कुटुंबे, अमोघने फोन करून धाडलेली त्याची मावशी. भर उन्हात, दाटीवाटीने, प्रत्येक जण आपापल्या विटेला पाठ लावून, डोक्यावर छत्री धरून उभा होता. त्रेचाळीस माणसे होती. एवढी उपस्थिती गणपतीतही दहा वर्षांत झाली नव्हती.

"अरे वा!" हेरंबरावांनी टाळी वाजवली. "चला, चला, आत चला. अर्ध्या तासात पाहणी आहे."

कोणी हलले नाही.

"आत गेलों कीं तुम्ही बुजवणार," बालाजीराव म्हणाले.

"अहो, नाही बुजवत! फक्त दहा जण आत बसा. दहाच."

"मग तो काय करतो आहे?"

सगळ्यांनी तिकडे बघितले. सुब्बा सांगितल्या वेळेला हजर झाला होता आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून घमेल्यात सिमेंट कालवत होता.

"सुब्बा, जा तू," हेरंबराव म्हणाले.

"कसा जाऊ, सार? कालवलंय. अर्ध्या तासात दगड होईल."

"बघा!" सरोजिनीबाई छत्रीखालून म्हणाल्या. "कालवलंय म्हणजे लावणारच. मी सासूबाईंना सोडून हलणार नाही. ह्यांना शब्द दिलाय मी."

"सरोजिनीबाई, तुम्हीच म्हणालात जाड थर द्या म्हणून!"

"ते मी म्हणायचं. तुम्ही नाही."

तीन वाजता वसाहत कार्यालयाची जीप आली. तिच्यातून सुष्मिता नावाची तिशीची अधिकारी उतरली. बालाजीरावांनी आडनाव विचारले आणि त्यांचा चेहरा उजळला. "आपली पोर," ते शेजारच्यांना म्हणाले. "तंजावरची. आतां काळजी नाहीं."

आपली पोर एका हातात फॉर्म घेऊन भिंतीसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. त्रेचाळीस छत्र्यांकडे तिने नीट बघितले. मग ती दार उघडून आत गेली. हेरंबराव तिच्यामागे धावले.

आत शांत होते. सतरंज्या अंथरलेल्या होत्या, फळा पुसलेला होता. हेरंबरावांनी सवयीने थर्मामीटर काढला आणि बघितला. मग झटकून पुन्हा बघितला. बत्तीस. भिंतीला त्रेचाळीस पाठी लागल्या होत्या, त्यांच्यावर त्रेचाळीस छत्र्या होत्या, आणि एकाही उघड्या विटेला ऊन शिवत नव्हते. थर्माकोललाही हे इतके चांगले जमले नव्हते.

"किती थंड आहे," सुष्मिता म्हणाली. ती मराठी जपून, शब्द मोजत बोलत होती. "पण लोक आत कां नाहींत?"

"येतील. आत्ता येतील." हेरंबरावांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "बालाजीराव! हात जोडतो! दहाच माणसं!"

"आधी त्याचें घमेलें!" बाहेरून आवाज आला.

हेरंबराव बाहेर पळाले. बासष्टाव्या वर्षी, कत्तिरीच्या उन्हात, ते पळत रस्त्यापर्यंत गेले, सुब्बाच्या हातून घमेले ओढले आणि अख्खे गटारात उपडे केले. मंडळाने टाळ्या वाजवल्या. सरोजिनीबाईंनी छत्री मिटली. बालाजीरावांनी वडिलांना हात लावून नमस्कार केला, आणि मग सगळे एकमेकांना वाट देत, "तुम्ही आधी", "नाही, तुम्ही आधी" म्हणत, दाराकडे निघाले.

सुष्मिता दारात उभी होती. पेनाला टोपण लावून झाले होते.

"सार, मी लिहिलें," ती म्हणाली.

"काय लिहिलंत?"

"आत, एक. तोही धावत बाहेर गेला."

"आणि हे? हे त्रेचाळीस?"

"बाहेर होते. फॉर्ममध्यें बाहेरचा रकाना नाहीं, सार." तिला वाईट वाटत असावे, पण ते लिहायलाही फॉर्ममध्ये रकाना नव्हता. "साडेतीनला मला दुसरी पाहणी आहे. भिंतीविषयीं मी वेगळें पत्र लिहितें."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पत्रे आली. पहिल्यात खोली परत घेतल्याचे कळवले होते. दुसऱ्यात पश्चिमेच्या भिंतीची बाहेरची बाजू मंडळाकडे कायम ठेवण्यात येत असून तिच्या देखभालीची जबाबदारी मंडळाची राहील, असे होते. आत काय करणार याचाही खुलासा होता. पाहणीत ही वसाहतीतली सर्वांत थंड इमारत आढळल्यामुळे कार्यालयाचा तक्रार विभाग तिथे हलवण्यात येत होता. लोकांना सुट्टीच्या दिवशीच वेळ मिळतो, तेव्हा तो रविवारीही उघडा राहील.

अकराशे पुस्तके पोत्यांतून टिपणीसांच्या घरी आली. कुमुदिनीबाई दोन दिवस पोत्यांना वळसा घालून वावरल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती निजायच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला छतापर्यंत रचून टाकली आणि म्हणाल्या, "निदान ऊन तरी अडेल."

मंडळ मोडले नाही. दर रविवारी तीन वाजता माणसे भिंतीपाशी येऊ लागली. आत जाता येत नव्हते, म्हणून कोणाला उकाड्याची सबब सांगता येत नव्हती. छत्र्या उघडून सगळे आपापल्या विटेला टेकून उभे राहत, बदल्या, लग्ने, आजारपणे यांच्या गोष्टी करीत. सरोजिनीबाई मुलांना विटांवरची नावे वाचायला लावीत. आतून टंकलेखनाचा आवाज येई आणि दार उघडले की गार हवेची एक झुळूक बाहेर येई. त्या वेळी सगळी तोंडे तिकडे वळत.

जुलैतल्या एका रविवारी पेरंबूरकडची गाडी रद्द झाली आणि निम्मीच माणसे आली. भिंतीचा वरचा उजवा कोपरा उघडा पडला होता. साडेतीनच्या सुमारास दार उघडले आणि तक्रार विभागातली कारकून कामाक्षी पदराने कपाळ टिपत बाहेर आली. तिने भिंतीकडे बघितले, माणसे मोजली आणि ती सरळ हेरंबरावांपाशी आली.

"सार, आज माणसं कमी का?" तिने विचारले. "आत फार गरम होतंय. देखभाल तुमच्याकडे आहे ना?"

हेरंबरावांनी तिच्याकडे बघितले. त्यांना पुष्कळ बोलायचे होते. पण पत्रात तसे लिहिलेले होते आणि पत्रावर शिक्का होता.

"गाडी रद्द झाली आहे," ते म्हणाले आणि छत्री उंच धरून उजव्या कोपऱ्याकडे सरकले.